वाचण्यापुरते इंग्रजी

"तुम्हांला इंग्रजी येते का?" हा प्रश्न आपल्याकडे ज्या सुरात विचारला जातो, त्या सुरात दुसऱ्या कुठल्याही भाषेबद्दल विचारला जात नाही. कानडी येते का, गुजराती येते का, हे प्रश्न साधे असतात. त्यांना "थोडेथोडे" असे उत्तर दिले तरी चालते, आणि ते देताना माणूस मोकळेपणाने हसतो. इंग्रजीच्या बाबतीत मात्र 'थोडेथोडे' ही जागाच आपण ठेवलेली नाही. एक तर येते, नाही तर येत नाही. आणि येते याचा अर्थ फडाफडा बोलता येते. ज्याला बोलता येत नाही तो मान खाली घालून "नाही" म्हणतो आणि विषय संपतो. वाचता येते का, असे कोणी विचारीतच नाही.

या न विचारलेल्या प्रश्नाविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत. इंग्रजी कादंबरी वाचण्याविषयी नव्हे, वर्तमानपत्राविषयीही नव्हे. गोळ्यांच्या पट्टीवरची तारीख, फलाटावरची पाटी, पासबुकातली दोन अक्षरे, मोबाइलवर आलेली एखादी ओळ, एवढे आपले आपल्याला वाचता येण्याविषयी.

माझा अधिकार विचाराल तर तो बेताचाच आहे. मी बदलापुरात बालवाडीची शिक्षिका आहे. दिवसा लहान मुलांना शिकवते, आणि रात्री जेवणे उरकली की मराठीत कादंबऱ्या लिहिते. माझी स्वतःची विद्या दहावीपर्यंतची. जुन्या भाषेत सांगायचे तर मी मॅट्रिक. मी शिकले तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. महाराष्ट्रात ते पहिलीपासून आले २००० साली. तेव्हा शाळेतले पाच-सहा वर्षांचे इंग्रजी आणि पुढे कव्हर गेलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, एवढीच माझी शिदोरी. बोलायची वेळ आली की माझीही जीभ अडखळते. पण वाचण्यापुरते मला येते. आणि वाचण्यापुरते ज्याला येते त्याला ते दुसऱ्याला देताही येते, हे मला अक्कांमुळे समजले.

अक्का आमच्या चाळीतल्या. वय पासष्टीच्या पुढे, शिक्षण चौथी पास. या 'चौथी पास'ला एक वेगळाच अर्थ आहे, तो माझ्या फार उशिरा ध्यानात आला. त्यांच्या काळी मराठी शाळेत इंग्रजीची गाठ पडायची ती चौथीनंतर. म्हणजे ज्या मुली चौथीतून घरी बसल्या, त्या इंग्रजीच्या दारापर्यंत जाऊन परत आल्या. आत काय आहे हे त्यांना कधी दिसलेच नाही. त्या पोथी वाचतात, वर्तमानपत्र वाचतात, पंचांग पाहतात. आणि औषधाची पट्टी हातात आली की शेजारच्या मुलाला हाक मारतात.

एके दिवशी दुपारी बालवाडी सुटल्यावर त्या आल्या आणि म्हणाल्या, "बाई, मला वाचायला शिकवा."

"अक्का, तुम्ही तर पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचता!"

"मराठी नव्हे हो. इंग्रजी." मग जरा थांबून, मी हसेन की काय अशा बेताने त्या म्हणाल्या, "बोलायचे नाही मला कुणाशी. साहेबाच्या देशात जायचे नाही. माझे कागद माझे मला वाचता आले म्हणजे झाले."

आमच्याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी, ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन निघालेल्या त्या आज्यांची छायाचित्रे तुम्हीही पाहिली असतील. त्या आज्या मराठी मुळाक्षरांपासून शिकल्या. आमच्या बायांना मराठी येत होते. त्यांचे अडत होते ते पुढच्या पायरीवर. अक्कांचे पाहून आणखी दोघी मावशी आल्या, वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या, बचत गटातल्या एक वहिनी आल्या. अशा पाच जणी बालवाडीच्या वीतभर उंचीच्या बाकांवर, गुडघे पोटाशी घेऊन बसू लागल्या.

भिंतीवर मुलांसाठी लावलेला तक्ता होताच. त्यातले पहिले चित्र सफरचंदाचे. मी छडी त्यावर ठेवताच अक्का म्हणाल्या, "बाई, सफरचंद मी बाजारात बघून घेते. त्याच्यावर काही नाव लिहिलेले नसते."

सगळ्या हसल्या. मी छडी खाली ठेवली. अक्कांचे म्हणणे रास्तच होते. ज्या वस्तू डोळ्यांनी ओळखता येतात त्यांची नावे तक्त्यावर, आणि ज्या वाचल्याखेरीज कळत नाहीत त्यांचा तक्त्यावर पत्ता नाही! पाच वर्षांच्या मुलाला हे चालते. त्याला वेळच वेळ आहे. पासष्टीच्या बाईला जे अडते आहे तेच आधी हवे असते.

मग मी वेगळी युक्ती काढली. म्हटले, "तुम्ही दिवसभरात बोलता ते इंग्रजी शब्द सांगा." काकू म्हणाल्या, "आम्ही कुठले इंग्रजी बोलणार?" आणि पाच मिनिटांत फळा भरला. गोळीला टॅब्लेट, साखरेच्या दुखण्याला शुगर, मग बीपी, रिपोर्ट, गॅस, सिलिंडर, मीटर, बिल, लोन, बॅलन्स, स्टेशन, तिकीट, लेडीज, टाइम, स्लो, फास्ट. हे शब्द त्या जन्मभर बोलत आल्या आहेत. त्यांचे अर्थ कुणी शिकवायला नकोत, उच्चारही त्यांच्या परीने ठरलेले. त्यांना ठाऊक नव्हते ते फक्त त्या शब्दांचे तोंड. मराठीत 'तोंडओळख' हा शब्द आपण नुसत्या वरवरच्या परिचयाला वापरतो. इथे उलटाच प्रकार होता: चांगली जानपहचान होती, आणि नेमकी तोंडओळखच नव्हती. रोज फोनवर बोलणाऱ्या माणसाला रस्त्यात पाहून ओळखू नये, तसे.

हे लक्षात आल्यावर निम्मी भीती गेली. नवी भाषा शिकायची नव्हती. घरात येऊन-जाऊन असलेल्या पाहुण्यांचे चेहरे तेवढे पाहायचे होते.

पहिले अक्षर आम्ही घेतले ते आर. त्याचे कारण बायांच्या रोजच्या व्यवहारात होते. २०१० साली आपल्या सरकारने रुपयाचे नवे चिन्ह घेतले. त्यात आपला 'र' आहे, आणि उभा दांडा नसलेला इंग्रजी आरही आहे. हे चिन्ह दर पाकिटावर, दर पाटीवर बायांनी पाहिलेले. मी ते फळ्यावर काढले, वरची एक आडवी रेघ पुसली आणि डावीकडे उभा दांडा दिला. "हा इंग्रजीतला र." वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तो आपल्याच घरातून गेलेला दिसतो!" तसे ते नाही, हे मी सांगितले, पण त्या दिवसापासून आर हे अक्षर कुणी चुकले नाही.

बाकीच्या अक्षरांना बायांनी आपापली नावे ठेवली. एच म्हणजे एका पायरीची शिडी. ओ म्हणजे बांगडी. जे म्हणजे गळ. एस म्हणजे नाग. डब्ल्यू म्हणजे पालथा पडलेला एम. मोठ्या लिपीतली अक्षरे अशी पंधरा दिवसांत अंगवळणी पडली. लहान लिपीशी मात्र बरेच दिवस झगडा चालला. तिच्यातली बी, डी, पी आणि क्यू ही चार अक्षरे म्हणजे एकच पळी चार बाजूंनी टांगलेली. पळीचा वाडगा उजवीकडे की डावीकडे, दांडा वर की खाली, एवढ्यावर सगळा अर्थ बदलतो. अक्कांनी स्वयंपाकघरातून खरीच एक पळी आणली आणि ती उलटसुलट धरून धडा पाठ केला.

आपल्या बाराखडीवर वाढलेल्या माणसाला इंग्रजीचा एक राग असतो, तो यांनाही आला. आपला 'क' हा क म्हणूनच हाक मारला जातो आणि क म्हणूनच काम करतो. इंग्रजीत अक्षराचे नाव डब्ल्यू आणि काम मात्र 'व'चे. एका अक्षराचे नाव एच, आणि त्याने म्हणायचे 'ह'. यावर काकूंनी तोड काढली. त्या म्हणाल्या, "त्यात काय एवढे? मला घरात सगळे बेबी म्हणतात, आणि रेशनकार्डावर भलतेच नाव आहे. हाक मारायचे नाव निराळे, कागदावरचे निराळे." इंग्रजी स्पेलिंगची अडचण इतक्या थोडक्यात सांगितलेली मी कुठे वाचली नाही.

पूर्वी ढाक्याला मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ होते. बंगाली मुलांना इंग्रजी शिकवताना आधी वाचायला शिकवावे, बोलण्याचे मागाहून पाहावे, असे त्यांचे मत होते. कारण त्या मुलांच्या आयुष्यात वाचायचे इंग्रजी पुष्कळ होते आणि बोलायचे थोडे. पुढे १९५३ साली त्यांनी नित्य लागणाऱ्या सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. त्याआधी १९३० साली ऑग्डेन नावाच्या विद्वानाने तर अवघ्या ८५० शब्दांत साधे इंग्रजी बसवून दाखवले होते. या मोठ्या माणसांच्या याद्या मोठ्या. आमची यादी आमच्यापुरती. ती एका शंभर पानी वहीत आहे आणि सव्वाशेच्या आसपास थांबली आहे. पण त्या सव्वाशेतला एकेक शब्द कुणाच्या तरी गरजेने आत आला आहे.

पहिला शब्द आला तो औषधाच्या पट्टीवरून. तो पुरता शब्दही नव्हे; ई, एक्स, पी अशी तीन अक्षरे. त्यांच्यापुढे जो महिना आणि साल असेल, त्यानंतर ते औषध घ्यायचे नाही. काकूंनी लगेच अडवले, "महिना दिला, तारीख कुठे आहे?" नुसता महिना असला की त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालते, हे सांगितल्यावर त्यांचे समाधान झाले. त्या तीन अक्षरांच्या शेजारीच एम, एफ, जी अशी आणखी तीन असतात. ती औषध बनवल्याची तारीख. दोन्ही तारखा जवळजवळ, अक्षरे मुंगीएवढी. महिने पुष्कळदा तीन अक्षरांत लिहिलेले. त्यात जून आणि जुलै यांची पहिली दोन अक्षरे एकच, आणि ओळख फक्त तिसऱ्यावर. एका मावशींनी यासाठी नातवाचे भिंग आणले, ते आता बालवाडीच्या कपाटातच असते.

पट्टीवर उभी तांबडी रेघ असली तर ते औषध डॉक्टरांनी लिहून दिल्यावाचून घ्यायचे नाही, ही गोष्टही तेव्हाच सांगितली. २०१६ साली सरकारने या तांबड्या रेघेची मोहीम काढली होती. त्याच वर्षी डॉक्टरांनी औषधाचे नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावे, असा नियमही झाला. जिथे तो पाळला जातो तिथे आमच्या बाया चिठ्ठीवरचे नाव आणि पट्टीवरचे नाव अक्षराला अक्षर लावून पाहतात. त्यांना नावाचा अर्थ कळत नाही. कळायची गरजही नाही. दोन कागदांवरचे एकच तोंड आहे की नाही, एवढेच पाहायचे असते.

दुसरा धडा रेल्वेचा. ठाण्याहून बदलापूरला येणाऱ्या बाईला कर्जतकडे जाणारी गाडी धरावी लागते. कसाऱ्याकडची धरली तर कल्याणनंतर ती भलत्याच वाटेला लागते. फलाटावरची पाटी मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी आळीपाळीने बदलत असते. मराठी येईपर्यंत थांबावे, तर तेवढ्यात गाडीच येऊन उभी राहते. आणि इंग्रजीत लिहिलेले असते काय, तर कर्जतसाठी एस आणि कसाऱ्यासाठी एन. कर्जतच्या नावात एस कुठून आला, हे बायांनी मला विचारले. मी म्हटले, हे नावाचे अक्षर नव्हे, ही खूण आहे. गाईच्या कानातल्या बिल्ल्यासारखी. पुढची गंमत अशी की त्याच पाटीवर वेळेच्या पलीकडे पुन्हा एक अक्षर असते. तिथे एफ असला तर फास्ट, आणि एस असला तर स्लो. म्हणजे डावीकडचा नाग कर्जतला नेतो आणि उजवीकडचा नाग रमतगमत नेतो! त्या दिवशी वर्गात इतका हशा झाला की वरच्या मजल्यावरची मुले खाली डोकावली.

तिसरा धडा पैशाचा. २०२४ च्या ऑगस्टात लाडकी बहीण योजनेचे पहिले पैसे बायकांच्या खात्यांत आले, आणि घरोघरी पासबुके बाहेर निघाली. पासबुकात दोन खुणा असतात: सी-आर आणि डी-आर. दोन्हींच्या शेवटी आरच. फरक काय तो पहिल्या अक्षराचा. वहिनींनी त्याला मराठी आधार शोधला. "डी म्हणजे दिले. आणि सी ही आडवी धरलेली ओंजळ, तिच्यात आले." मोबाइलवर हेच दोन शब्द पुरे लिहून येतात, तेही लहान लिपीत. पळीचा धडा तिथे उपयोगी पडला.

मोबाइलवरून आलेला सर्वांत मोलाचा शब्द मात्र निराळाच. एन, ओ, टी. नॉट. कुठलाही आकडा आला की त्याच्या आगेमागे कुणाला सांगू नका अशा अर्थाची एक ओळ असते, आणि तिच्यात हा शब्द असतो. बाकीची ओळ नाही वाचता आली तरी हा शब्द दिसला की थांबायचे, असे आम्ही ठरवले. लोक इंग्रजीची सुरुवात 'येस' पासून करतात. आमच्या बायांनी ती 'नॉट' पासून केली, आणि मला वाटते, शहाणपणाने केली.

एवढे सगळे होईपर्यंत अक्कांना इंग्रजी कशाला हवे होते हे मी विचारले नव्हते. त्यांनी ते एकदा आपण होऊन सांगितले. वर्ग संपून बाकीच्या गेल्या होत्या.

काही वर्षांपूर्वी अक्कांच्या छातीत गाठ लागली होती. तपासणी झाली. पाकीट हातात आले तेव्हा घरात कोणी नव्हते, आणि डॉक्टर भेटायला दोन दिवस होते. अक्का गॅलरीत आल्या आणि त्यांनी शेजारच्या मुलाला बोलावले. मुलगा गुणी. त्याने उभ्या-उभ्या मोठ्याने वाचून दाखवले, कळले तेवढे मराठीत सांगितले, न कळलेले स्वतःच्या अंदाजाने भरले. संध्याकाळपर्यंत साऱ्या चाळीला ठाऊक झाले. बायका डबे घेऊन भेटायला येऊ लागल्या. कुणी हात धरून रडली. कुणी आपल्या नणंदेची हकीगत सांगितली, जी अक्कांनी ऐकायला नको होती. नातीचे लग्न ठरत होते. त्या घरून, सहज म्हणून, फोन आला. पुढे सुईने तपासले तेव्हा गाठ साधी निघाली. पण दर वर्षी पुन्हा तपासायचे ठरले.

"कुणाचा दोष नाही हो," अक्का म्हणाल्या. "सगळ्या मायेनेच आल्या. पण माझ्या अंगातली गोष्ट, बाई, माझ्याआधी साऱ्या चाळीला कळली."

मी काही बोलले नाही. वर्षानुवर्षे कादंबऱ्या लिहीत असूनही असे वाक्य मला कधी सुचलेले नाही.

आपण निरक्षरतेचा विचार करतो तो फसवणुकीच्या अंगाने. अंगठा घेतला, जमीन गेली. सही घेतली, पैसे गेले. ते खरेच आहे. पण दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचणाऱ्या माणसाचे आणखी एक जाते, आणि ते कुठल्या कागदावर नोंदले जात नाही. त्याला स्वतःचे असे गुपित राहत नाही. आलेले पत्र, झालेले दुखणे, खात्यातली शिल्लक, सगळे आधी दुसऱ्याच्या तोंडून जाते आणि मग त्याच्यापर्यंत येते. बातमी चांगली असो की वाईट, ती एकट्याने ऐकायची, क्षणभर आपल्यापाशी ठेवायची आणि मग कुणाला सांगायची ते ठरवायचे, एवढा साधा हक्क त्याला नसतो.

रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी सांगितले आहे की न्यायमूर्ती त्यांना शिकवीत, आणि घरातल्या बायकांना ते खपत नसे. त्यातून इंग्रजी शिकणे तर मुळीच नाही. लहानपणी हे वाचताना मला त्या बायकांचा राग यायचा. आता वाटते, त्यांना नेमके कशाचे भय होते ते थोडेसे उमगते. एकत्र घरात कुणाचेच काही झाकलेले नसे. त्या घरातली एक सून असे काही वाचू लागली की जे दुसरीला डोकावून कळणार नाही. तिच्यापुरते एक दार लागले. रमाबाईंना त्या दारासाठी काय काय सोसावे लागले ते पुस्तकातच वाचावे. अक्कांना कुणी विरोध केला नाही; काळ तेवढा बदलला आहे. पण दार मात्र तेच हवे होते.

गेल्या वर्षीच्या तपासणीचा रिपोर्ट अक्कांनी स्वतः आणला. शनिवार होता, डॉक्टर सोमवारी भेटणार होते. अक्कांनी दार लावून घेतले, चष्मा पुसला आणि कागद देवापुढे न ठेवता थेट उघडला. पुष्कळ शब्द त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते, ते त्यांनी सोडून दिले. आपले नाव लावून पाहिले. ते बरोबर होते. तारीख पाहिली, बरोबर होती. शेवटच्या भागाच्या मथळ्याखाली पहिलाच शब्द दोन अक्षरांचा होता: एन आणि ओ. 'नो'. त्याच्या पुढच्या शब्दांचा अर्थ त्यांना लागला नाही. पण मागल्या कागदावर त्या जागी हा शब्द नव्हता, हे त्यांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून पाहिले.

"मला माहीत होते, खरे काय ते डॉक्टरच सांगणार," त्या म्हणाल्या. "पण दोन दिवस तो कागद माझा एकटीचा होता. मी कुणाला दाखवला नाही. रविवारी पुरणपोळ्या केल्या. सगळ्यांनी विचारले, आज काय आहे? म्हटले, काही नाही, सहज."

सोमवारी डॉक्टरांनी काळजीचे कारण नाही असे सांगितले. मग अक्कांनी मुलाला सांगितले, सुनेला सांगितले, आणि मंगळवारी मला. कुणाला आधी आणि कुणाला मागून, हे त्यांनी ठरवले होते.

माझे एक स्नेही आहेत. मराठीचे कडवे अभिमानी. त्यांनी मला विचारले, "तुम्ही मराठी लेखिका. आणि म्हाताऱ्या बायकांना इंग्रजी शिकवत बसता?" मी म्हटले, औषधाच्या पट्टीवर, रिपोर्टावर, मोबाइलच्या त्या ओळीत मराठी यायला हवी, यात मला तिळमात्र शंका नाही. ज्या बाईच्या अंगाविषयी कागद बोलतो, त्याने तिच्या भाषेत बोलावे हा तिचा हक्कच आहे, आणि तो मिळेपर्यंत तुम्ही-आम्ही मागतच राहायला हवे. पण तो मिळेतोवर अक्कांनी काय करावे? गॅलरीत उभे राहून हाका माराव्यात? माझ्या स्नेह्यांनी चहा संपवला आणि "तेही खरेच" म्हणून ते उठले. त्यांच्या आईसाठी वहीतली यादी उतरून मागायला ते पुढच्या आठवड्यात पुन्हा आले.

यादी मी आनंदाने दिली. मात्र एक गोष्ट त्यांना सांगितली, ती इथेही सांगते. कारण दिवाळीला घरोघरी मुले-नातवंडे जमतात, आणि ज्यांना अशी वही सुरू करता येईल त्यांतले पुष्कळजण हा अंक वाचत असतील. आमची यादी जशीच्या तशी कुणाच्या कामाची नाही. आपल्या आईला, आत्याला, मावशीला विचारावे, "तुला काय वाचता आले तर बरे वाटेल?" आणि तिथून सुरुवात करावी. ती जे सांगेल ते ऐकून तुम्ही चकित व्हाल. आणि शिकवताना मोठ्याने वाचू नये. तिला वाचू द्यावे. ती अडली तरी गप्प बसावे. शिकवणाऱ्याला हे सर्वांत अवघड जाते.

आमचा वर्ग सध्या फराळाच्या गडबडीत बंद आहे. भाऊबीज झाली की पुन्हा सुरू होईल. वहीत पुढचे दोन शब्द मी आताच लिहून ठेवले आहेत. धाकट्या मावशींनी मागितलेले. बँकेच्या काचेच्या दारावर एका बाजूला 'पुश' लिहिलेले असते आणि दुसऱ्या बाजूला 'पुल'. दोन्हींची सुरुवात पी आणि यू यांनीच होते, तेव्हा तिसऱ्या अक्षरापर्यंत जावे लागते. आजवर मावशी त्या दाराशी उभ्या राहून, दुसरे कोणी येऊन ते उघडेल याची वाट पाहत आल्या आहेत.